तारेचा आवाज नंतर टाकू

मोतीराम पाचंग्याच्या तुणतुण्याला जी तार आहे
ती माझ्या गॅरेजातली.
राजदूतच्या क्लच केबलमधला एक धागा,
सोलून, रॉकेलात पुसून मीच दिलेला.
पैसे घेतले नाहीत. चहा घेतला.

चॅनेलवाले तेरला आले
तेव्हा हे कुणी विचारलं नाही,
आणि मोतीरामनंही, शहाणा माणूस, सांगितलं नाही.

आधी त्यांनी अंगण जुनं केलं.
हलवली प्लास्टिकची खुर्ची, नातवाची सायकल,
पाण्याची निळी टाकी,
आणि पत्र्यावरची डिशची छत्री,
जिच्यातून ते स्वतः पुढे दिसणार होते.
बकरी राहू दिली. बकरी जुनी वाटते म्हणाले.
मग धूर केला.
सून पदर नाकाला लावून चुलीमागं,
आणि मोतीराम: "एवढा धूर तर
आमी गोंधळात बी करत न्हाई."

मुख्य बाई पोरसवदा, शर्वाणी नावाची, वाईट नव्हती.
उन्हात उभी राहायची, पाणी आधी त्याला द्यायची.
कान मात्र ती पुण्यालाच ठेवून आली होती.
"काका, बोट नुसतं हलवा.
तारेचा आवाज नंतर टाकू."

नंतर म्हणजे?
मोतीरामला वाटलं, आपण गेल्यावर.

संग्रहालयात एक मातीची बाई आहे, वीतभर,
मांडीवर वाद्य, उजवा हात कोपरापासून नाही.
तारांच्या जागी नखानं ओढल्यासारख्या दोन रेघा.
ती कशी वाजायची, कुणालाच ठाऊक नाही.
पहारेकरी हरिदास
रोज तिच्या काचेवरची धूळ पुसतो
आणि कुणी विचारलंच तर म्हणतो,
हात गेला असंल तेरणेत, दुसरं कुठं जातोय.

रविवारी रात्री सगळे माझ्या गॅरेजात जमले,
कारण काढलेली छत्री
मोतीरामच्या पत्र्यावर पुन्हा नीट लागलीच नव्हती.

जाड आवाजाचा माणूस काळाच्या उदराबद्दल बोलला.
मातीच्या बाईला त्यांनी संगणकातून हात दिला,
गोरा, बांगड्यांसकट,
दोन रेघांच्या सात तारा झाल्या
आणि ती सतार वाजवू लागली.
मग तोच हात विरघळत विरघळत
मोतीरामचा काळा, गाठीगाठींचा हात झाला,
आणि त्यातूनही सतार.
मागे बासरी. मागे खळखळ पाणी.
नदी तर त्या महिन्यात कोरडीठाक होती.
"आतड्याची तार," माणूस म्हणाला, "पिढ्यान् पिढ्यांची."
मोतीराम माझ्याकडं बघून
खोकल्यासारखं हसला.

"मामा, सतार कवा शिकलाव?" सून म्हणाली.
"झोपंत वाजवायलोय वाटतं."

पण एका जागी
(सोमवारी दुपारी पुन्हा दाखवलं, तेव्हा मी मोबाइलवर धरलंय)
सतार संपून बासरी यायच्या आत,
एक सेकंद, तेवढाही नाही,
पुण्यात कुणाचं तरी बटण उशिरा पडलं:

तुण्

आणि त्याला लागून बकरीचं में,
आणि लांबून हातोडा, पान्यावर,
माझा.

मी ते कितीदा तरी लावतो.
गिऱ्हाईक विचारतं, काय ऐकायलाव?
मी म्हणतो, केबल.

आता लोक संग्रहालयात येऊन
हरिदासशी भांडतात.
हात कुठाय? टीव्हीत तर होता की!
तो बिचारा काचेखाली वाकून
पुन्हा एकदा बघतो.

परवा तार तुटली.
मोतीराम तुणतुणं काखेत धरून आला,
बाकड्यावर टेकला.
"आतड्याची हाय का?" मी विचारलं.
"हाय की. कुणाचं देतूस?"
मी दोन धागे पुढं केले,
एक जुन्या राजदूतचा, एक स्प्लेंडरचा.
त्यानं दोन्ही दातांत धरून ताणले,
बोटानं एकेकदा छेडले,
डोळे मिटून दुसऱ्यांदा.

"राजदूतच दे," म्हणाला,
"स्प्लेंडर लई नाकात बोलती."